पाखराने आणलेला नवरा

माझ्या भावाला पाखराने घरी आणलं, असं आमच्या एल साउसमध्ये आजही सांगतात. चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या सांगतात, टायरच्या दुकानातला गडी सांगतो. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो माझा सख्खा भाऊ होता आणि त्याला कोणी आणलं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याला त्याच्या कमरेच्या मणक्याने आणलं. पण मणक्याची गोष्ट ऐकायला कोणाला सवड आहे? पाखराची म्हटली की सगळे कान टवकारून बसतात.

भावाचं नाव रोसेन्दो. त्याची बायको लिब्रादा, माझी वहिनी. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये ओकोतीयोचं कुंपण. नुसत्या उंच काटेरी काठ्या त्या, ओळीने जमिनीत रोवायच्या. मग त्याच मुळं धरतात आणि थंडी सरली की शेंड्यांना लालभडक तुरे येतात. या कुंपणातून मला वहिनीच्या घरातलं सगळं दिसायचं आणि तिला माझ्या घरातलं. त्यामुळे मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

रोसेन्दो लग्नानंतर थोड्याच वर्षांत पलीकडे गेला. पलीकडे म्हणजे सरहद्दीच्या पलीकडे, शेतात सॅलडचे गड्डे कापायला. आमच्याकडचे निम्मे पुरुष जातात, त्यात नवल नाही. आधी दर महिन्याला दुकानातल्या फोनवर त्याचा निरोप यायचा. मग फक्त नाताळात. मग तोही बंद. तिकडे त्याने दुसरं घर केलं असं कोणीतरी येऊन सांगितलं. वहिनी रडली असेल तर मला दिसली नाही. तिने मागच्या मांडवात मोठा तवा मांडला आणि गावाला पोळ्या करून घालायला लागली, गव्हाच्या पातळ, हातावर घेतल्या की कोपराखाली लोंबणाऱ्या. या गावात तिच्या हातची पोळी न खाल्लेलं तोंड मला दाखवा. आणि तीच तोंडं पुढे काय काय बोलली.

उजाडायच्या आधीपासून तव्यापाशी असायची. ऊन कुंपणावर चढलं की तवा उतरवायची, कप भरून काळी कॉफी घ्यायची आणि परसात खुर्ची टाकून कुंपणाकडे तोंड करून बसायची. चूक झाली ती इथे, खुर्चीच्या जागेत. त्या जागेवरून काठ्यांच्या फटीतून बसथांबा दिसतो. झालं. गावाने ठरवून टाकलं की लिब्रादा नवऱ्याची वाट बघते आहे. येणारी-जाणारी बाई थांबायची, सुस्कारा टाकायची आणि पुढे जाऊन दुसरीला सांगायची.

मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. एकदा मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "वहिनी, वाट बघतेस होय गं?"

"कोणाची?"

"कोणाची काय? माझ्या भावाची."

"त्याची कसली वाट बघायची, एलोइसा? तो काय उडत येणार आहे? गप उभी राहा, हलू नकोस. तो बघ, लाल चोचीचा आला."

ती पाखरं बघायची. बस्स, एवढंच. सकाळचं ऊन त्या कोपऱ्यात पहिलं येतं आणि ऊन येतं तिथे पाखरं पहिली येतात, म्हणून खुर्ची तिथे. आमच्याकडे त्यांना चुपारोसा म्हणतात, फुलं चोखणारी. तुम्ही हमिंगबर्ड म्हणत असाल. अंगठ्याएवढा जीव. एका जागी हवेत थांबून फुलात चोच घालणार आणि दुसरं कोणी जवळ आलं की असं भांडणार की आमच्या नळावरच्या बायकांनी शिकून घ्यावं. वहिनीने त्यांच्यासाठी मेस्कीटच्या झाडाला साखरपाण्याची बाटली टांगली होती. त्यावरूनही गावात बोलून झालं. पाखरांना साखर पाजते आणि स्वतः कडू कॉफी पिते, डोकं फिरलंय बाईचं. अरे, तिची साखर, तिची कॉफी, तुमच्या पोटात का दुखतं?

तिच्याबरोबर बसून बसून मीही बघायला शिकले. थंडीत आमच्याकडे बारीक, चिवट पाऊस लागतो, दिवसचे दिवस, सूर्याचं नाव नाही. मग आभाळ मोकळं होतं आणि त्या रात्री हिव पडतं. अशाच एका सकाळी तारेला एक चुपारोसा उलटी लोंबकळत होती, कडक, डोळे मिटलेले. मी म्हटलं, गेली बिचारी. वहिनी माझ्यावर खेकसली, "तोंड आवर. ऊन येऊ दे." ऊन आलं. थोड्या वेळाने त्या एवढ्याशा अंगाला कापरं भरलं, पिसं फुलली आणि माझ्या नाकासमोरून ती सरळ बाटलीवर गेली. मी कपाळाला हात लावला.

मग वारे सुटायचे. डोळ्यांत, कपात, पिठात, सगळीकडे धूळ. त्याच दिवसांत ओकोतीयो फुलायचा आणि दक्षिणेकडून विटकरी रंगाचे परके पाहुणे यायचे, सगळ्यांशी भांडून, पोटभर पिऊन उत्तरेकडे निघून जायचे. "हेही पलीकडे निघाले," वहिनी म्हणायची, "पण हे परत येतात हो." असा टोमणा ती कधीमधी मारायची, तेवढाच. त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे भट्टी. पाखरं चोच उघडी टाकून सावलीत बसायची. साखरपाणी दुपारपर्यंत आंबायचं, ते ओतून ताजं भरायला लागायचं. सुतारपक्षी येऊन बाटली तिरकी करून सगळं ढोसून जायचा. लाव्यांची जोडी मागे पिल्लांची माळ घेऊन झाडाखालून पळायची. वाकड्या चोचीचा एक करडा पक्षी होता, पिवळे डोळे वटारून सगळ्यांना दटावणारा, त्याला ती सासूबाई म्हणायची. सासूबाई म्हणजे माझी आई. मला राग यायला हवा होता, पण आवाज हुबेहूब तोच होता, काय करणार? आणि वादळ यायच्या आधी ती मला हाक मारायची, "एलोइसा, पाखरं गप्प झाली, कपडे काढ." मी वर बघावं तर आभाळ निळंशार. कपडे घड्या होईपर्यंत डोंगराकडून तपकिरी धुळीची भिंत चालत आलेली असायची.

हे तिचं सुख होतं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण दुसऱ्याचं साधं सुख गावाला बघवत नाही, त्यात काहीतरी दुःख शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही.

सगळ्यात जास्त चैन पडत नव्हती ती डोमितिलाला. ही वहिनीची धाकटी बहीण. मायाळू, लगेच डोळ्यांत पाणी आणणारी आणि म्हणूनच धोक्याची. रविवारी चर्चमधून परस्पर यायची, खुर्चीजवळ बसायची आणि बहिणीचा हात हातात घ्यायची.

"ताई, किती झुरशील गं?"

"मी कुठे झुरतेय? पोळी खाणार का?"

"मला कळतं ताई. तू बोलत नाहीस, पण मला कळतं."

आता ज्या बाईला न बोललेलं कळतं, तिला बोललेलं काय सांगणार?

एका वसंतात मांडवाच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर एका चुपारोसाने घरटं बांधलं. एका जुन्या चिमट्यावर, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि सुकलेल्या पानांचे कण चिकटवून केलेलं, अर्ध्या अक्रोडाएवढं. लाल चोचीच्या नराला घराशी काही देणंघेणं नसतं. करडी मादी एकटीच बांधते, एकटीच बसते. वहिनीने त्या तारेला हात लावणं बंद केलं. तिची सगळी धुणी माझ्या तारेवर. तिचे परकर माझ्या दारात फडफडायचे आणि लोक मला विचारायचे, पाहुणे आलेत का. पावट्याच्या दाण्याएवढी दोन अंडी, मग दोन काळी, उघडी पिल्लं. वहिनी इतकी खूष होती की तिने डोमितिलाला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. "कोणाला सांगू नकोस हं." डोमितिलाने छातीवर हात ठेवून शपथ घेतली.

ती शपथ तिने पाळली. सांगितलं नाही कोणाला. तालुक्याच्या बाजारात गेली.

तिथे तेव्हा पाम्फिला नावाची बाई दुकान मांडून बसायची. औषधी पाला, मेणबत्त्या, नजर उतरवायची पूड आणि दोरीला टांगलेल्या छोट्या लाल पिशव्या. पिशवीत मारून वाळवलेली चुपारोसा, लाल धाग्याने गुंडाळलेली, सोबत छापील प्रार्थना. उशीखाली ठेवली की रुसलेलं माणूस परत येतं. जुनी समजूत आहे, माझी आजीही मानायची. पण आजीच्या वेळी कोणी शेजारणीच्या परसात शिरून पाखरू मारत नव्हतं. पाम्फिलाने हिला सांगितलं की तयार पिशवी साध्या प्रेमाला चालते. घर सोडून गेलेला नवरा आणायचा तर त्या बाईच्याच अंगणातली, घरट्यावर बसलेली मादी लागते. ती घर धरून असते, म्हणून घरच्याला ओढून आणते. काय डोकं चालवलंय बघा. आणि आमच्या डोमितिलाला ते पटलं. घरट्यावर बसलेली मादी कुठे आहे ते तिला ठाऊकच होतं. बहिणीने हाताला धरून दाखवलेलं.

एका संध्याकाळी वहिनी पोळ्या पोचवायला गेलेली असताना ती मांडवात आली. जाळंबिळं काही लागलं नाही. पिल्लांवर बसलेली आई उडत नाही. वरून नुसता हात ठेवायचा.

नेमका त्याच रात्री वारा सुटला. सकाळी घरट्यात पिल्लं होती, आई नव्हती. वहिनीला वाटलं वाऱ्याने नेली. ती दिवसभर स्टुलावर उभी राहून ड्रॉपरने साखरपाणी पाजत होती. मला म्हणाली, केळी सडू दे, त्यावर चिलटं येतील, ती चिरडून घालू. मी सगळा घड उन्हात ठेवला. काही उपयोग झाला नाही. आधी एक गेलं, मग दुसरं. निदान आईचं कलेवर तरी सापडावं म्हणून आम्ही दोघी गुडघ्यांवर रांगत कुंपणाच्या बुडाशी शोधत होतो. आणि ऐका, डोमितिला आली आणि तीही आमच्याबरोबर शोधायला लागली. काट्यात हात घालून. हात ओरबाडून घेतला तिने. मी तिला घरी नेऊन औषध लावलं, माझ्या या हातांनी.

उशीचा अभ्रा बदलताना वहिनीला पिशवी सापडली. लाल कापड, लाल धागा. आत ती. शेपटीतलं एक पीस नव्हतं, सुतारपक्ष्याशी भांडणात गेलेलं, त्यावरून ओळखायला वेळ लागला नाही. वहिनी पिशवी मुठीत धरून निघाली, मी मागोमाग. डोमितिला स्वयंपाकघरात बीन्स निवडत होती.

"हे काय आहे?"

"उघडलीस?" ती उठून उभी राहिली. "उघडायची नसते गं ताई, गुण जातो."

"तू मारलीस?"

"मारली काय म्हणतेस? तुझ्यासाठीच केलं ना."

"तिच्याखाली पिल्लं होती, डोमितिला. आणि तू माझ्याबरोबर शोधत होतीस."

"मग काय करू? सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतंस उशीखाली?"

"मी मागितला होता का नवरा? कधी म्हटलं मी?"

"म्हणायला कशाला लागतं? रोज सकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसतेस. अख्खं गाव बघतं."

"मी पाखरं बघत होते."

डोमितिलाने माझ्याकडे बघितलं, जणू आता मीच तिच्या बहिणीला समजवावं. "इतकी वर्षं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं पाखरं कोण बघतं?"

वहिनी वळली. घरी येऊन तिने ते पाखरू ओकोतीयोच्या मुळाशी पुरलं. मी मात्र डोमितिलाला दारातच असं सुनावलं की तिचा नवरा दुपारच्या झोपेतून उठून बाहेर आला.

आणि त्याच आठवड्यात रोसेन्दो बसमधून उतरला. वर्षानुवर्षं तोंड न दाखवणारा माणूस, त्याला तोच आठवडा सापडला. पुढे त्यानेच मला सगळं सांगितलं. नाताळापासून त्याला वाकता येत नव्हतं. मुकादमाने शेवटचा पगार हातावर ठेवला. ज्या बाईच्या घरी राहत होता तिच्या मोठ्या मुलाने याची बॅग पायरीवर आणून ठेवली. मग सरहद्दीवरच्या गावात एका मित्राकडे महिनोन्महिने पडून होता, घरी यायची लाज वाटत होती म्हणून. शेवटी मित्रही कंटाळला. त्या पाखराने अंडं घालायच्या आधीच हा अर्ध्या वाटेवर येऊन बसला होता. हे मी चौकात सांगितलं, दुकानात सांगितलं, नळावर सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी आणि मग म्हणाले, "हो, पण आला ना?"

डोमितिला आपण काय केलं ते सगळ्यांना सांगत चौकात आनंदाने ढसाढसा रडली. बायका तिचे हात धरत होत्या. पिल्लांची कोणी चौकशी केली नाही.

वहिनीने त्याला दारात बघितलं आणि म्हणाली, "आलास? पाय पुस." मांडवात खाट टाकून दिली. मी जाऊन त्याला माझ्या वाटच्या शिव्या घातल्या; बहिणीचा तेवढा हक्क असतो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. म्हातारा झाला होता, पाठ धरून चालायचा. काम होईना, म्हणून सकाळी दुसरी खुर्ची टाकून तिच्या शेजारी बसायला लागला. पहिल्यांदा हसला, "लिब्रादा, एवढी साखर?" मग हसायचा थांबला. एक दिवस मला कुंपणापलीकडून ऐकू आलं, तो म्हणत होता, "आज सासूबाई गप्प कशा?" वहिनी म्हणाली, "तू आल्यापासून लाजतात." आणि दोघं अशी हसली की मी हातातला झाडू टाकून ऐकत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी वहिनीने तवा उतरवल्यावर दोन कप भरले. त्याने दुखरी पाठ घेऊन मांडवाचा मोडका वासा बदलला. माझा राग निम्मा उतरला होता. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

पण गाव कोणाला सुखाने बसू देईल तर ना. पहिल्यांदा वरच्या आळीची एक मुलगी कांद्याची जाळी घेऊन कुंपणाशी सापडली. तिचा होणारा नवरा बोलत नव्हता म्हणे. मग दुसरी. मग बाहेरगावाहून गाड्या यायला लागल्या. पाम्फिला दुकानावर ओरडून विकत होती, लिब्रादाच्या परसातली, नवरा आणणारी. फांद्यांना डिंक लावून जायचे लोक. एक लाल चोचीचा वहिनीला तसा सापडला, दोन्ही पंख चिकटलेले. तेल लावून लावून तिने त्याला सोडवला, तो तिच्या तळहातावरच मेला. मग तिने बाटली काढून ठेवली. निदान इकडे फिरकणार तरी नाहीत. तर पाखरं बाटलीच्या रिकाम्या जागेपाशी येऊन हवेत थांबायची, इकडून बघायची, तिकडून बघायची आणि पुन्हा यायची. ते बघवत नव्हतं.

वहिनी पाद्रीबाबांकडे गेली. त्यांनी रविवारी चांगलं खरमरीत प्रवचन केलं. बायकांनी माना डोलावल्या, छातीवर क्रूस काढले आणि बाहेर येऊन त्यातल्याच एकीने वहिनीला विचारलं, अगदी बाईसाहेब म्हणावं तसं दोन्या लावून, "दोन्या लिब्रादा, एखादी मिळेल का हो?" सरपंचाकडे गेलो तर तो दात विचकून हसला. "आता काय पाखरांना पहारा देऊ? आणि दोन्या, तुम्हीच कुरकुर करावी होय? नवरा आला की नाही?"

इथेच सगळं अडत होतं. रोसेन्दो त्या खुर्चीत बसलेला रस्त्यावरून सगळ्यांना दिसायचा. लोक पोरीबाळींना बोट करून दाखवायचे. मी मणक्याचं पुन्हा सांगायला गेले तर एकजण मला म्हणाली, "तू जळतेस एलोइसा. तुझा देवाघरी गेलाय, तिथून पाखरू काय आणणार." मला विधवेला, भर दुकानात. मी तिच्याशी अजून बोलत नाही.

सान हुआनचा सण आला. आमच्याकडे उन्हाळ्याच्या ऐन माथ्यावर येतो तो, जमीन तापून पाय ठेवू देत नाही असे दिवस. अख्खं गाव नदीवर जातं. नदी कसली, एक डोह उरलेला असतो. बँड, घोडे, कलिंगडं, एकमेकांच्या अंगावर पाणी. सकाळी मी कुंपणाच्या बुडाला पाणी घालत होते. पलीकडे दोघं बसली होती.

"रोसेन्दो, तुला जावं लागेल," वहिनी म्हणाली.

"कुठे?"

"या घरातून. आज, नदीवर, सगळ्यांच्या देखत."

तो खुर्चीतच तिच्याकडे वळला. "माझं काही चुकलं का?"

"या वेळी नाही."

"मग थोड्या दिवसांनी, लोक विसरले की..."

"विसरणार नाहीत. तू परत या खुर्चीत दिसलास की परत जाळी घेऊन येतील. एकही उरणार नाही."

"पाखरांसाठी, लिब्रादा?"

"तू नव्हतास तेव्हा हीच होती."

रोसेन्दोने कॉफी संपवली. कप विसळून पालथा घातला. मग आत जाऊन स्वतःची बॅग स्वतः भरली. पहिल्या वेळी न सांगता गेला होता माझा भाऊ. या वेळी सांगितलं तसा गेला, हे मी त्याच्या बाजूने म्हणेन.

नदीवर बँड वाजत होता. वहिनी सगळ्यांच्या मधून चालत गेली, ती बॅग त्याच्या पायाशी टाकली आणि अशा आवाजात बोलली की बँड थांबला. "हा घ्या तुमच्या पाखराने आणलेला. मला नको. इतक्या मारल्यात, एका बाईच्या घरात एक नवरा दोन महिने टिकला नाही. अजून कोणाला हवी असेल तर सांगा." डोमितिला तोंडावर शाल ओढून खाली बसली. रोसेन्दोने बॅग उचलली, कोणाकडे न बघता निघाला आणि माझ्या घरी आला. मी मागची खोली त्याला दिली.

पाम्फिला सांगत राहिली की पिशवी उघडली म्हणून असं झालं. पण दोन महिन्यांचा नवरा कोणाला विकणार? हळूहळू गाड्या थांबल्या. पुढे तिचं दुकानही गेलं, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. म्हणून तर आज मी बोलते आहे. आणि तुम्ही लांबची माणसं, जाळी घेऊन इथवर काही येणार नाही.

वहिनीने बाटली पुन्हा टांगली. पाखरं आली. सकाळी वहिनी तिच्या बाजूला खुर्चीत बसायची, रोसेन्दो माझ्या बाजूला, मध्ये काट्यांचं कुंपण. एकमेकांशी बोलायचे नाहीत, रस्त्यावरून लोक बघत. फक्त वहिनी मधूनच मोठ्याने म्हणायची, "आज लाल चोचीचा आला बरं का." कोणाला म्हणते, कोण विचारणार? आणि इकडे हा मान हलवायचा. वर्षं गेली अशी. गाव मात्र म्हणत राहिलं, काय बाई आहे, दगड. आजारी नवऱ्याला घराबाहेर काढणारी. तिच्याच पोळ्या खात खात म्हणत राहिलं.

तो गेला ते वाऱ्याच्या दिवसांत, माझ्या मागच्या खोलीत. चर्चमध्ये वहिनी काळे कपडे घालून पुढच्या बाकाकडे निघाली, तर बायकांनी सरकून बाक भरून टाकला. एकीने हळू आवाजात सांगितलं, "मागे बसा, दोन्या. तुम्ही तो हक्क सोडलात." सोडला म्हणे. मी उठलेच होते. सगळं त्यांच्या तोंडावर फेकणार होते. वहिनीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून, आणि मागे दारापाशी जाऊन उभी राहिली. पाम्फिलाचं दुकान तेव्हा अजून चालू होतं. मी खाली बसले. सगळी प्रार्थना मी दात आवळून ऐकली.

दफन करून परतताना वारा इतका होता की आम्ही दोघी एकमेकींना धरून चालत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, तुला हवा होता ना गं तो?"

"हवा होता म्हणून तर तसं चारचौघांत ओरडावं लागलं," ती म्हणाली. "नको असता तर गुपचूप दार लावून घेतलं असतं. ओरडले नसते तर जमलं नसतं मला."

दुसऱ्या दिवशी डोमितिला माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, हातात रुमाल. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताईला बघितलंस काल? डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. मी तिच्यासाठी एवढं केलं, पण तिला काळीजच नाही."

मी तिच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला, तिला दाराबाहेर घातलं आणि कडी लावली.